दृष्टिपटलाचे चित्रण : नजर अधू होण्यापूर्वीची तपासणी

डोळ्याच्या आत मागील बाजूस असलेला, प्रकाशाचे चेतासंदेशांत रूपांतर करणारा पातळ पडदा म्हणजे दृष्टिपटल होय. शरीरातील रक्तवाहिन्या येथे कोणतीही चिरफाड न करता थेट पाहता येतात.

फंडस कॅमेऱ्याने, म्हणजे बाहुलीतून दृष्टिपटलाचे छायाचित्र घेणाऱ्या उपकरणाने, मधुमेही रुग्णाच्या केशवाहिन्यांवर आलेले सूक्ष्म फुगवटे लाल ठिपक्यांच्या रूपात टिपले जातात आणि त्यांतून झिरपलेल्या स्निग्ध द्रव्याचे पिवळसर डागही दिसतात. तरीही या टप्प्यावर रुग्णाची नजर बहुधा उत्तम असते.

डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेले ओसीटी हे तंत्र याहून खोलवर जाते. त्यात निरुपद्रवी अवरक्त प्रकाश दृष्टिपटलावर सोडला जातो आणि निरनिराळ्या थरांवरून परतणाऱ्या किरणांची संदर्भकिरणाशी तुलना करून पडद्याचा उभा छेद काही मायक्रॉनपर्यंतच्या बारकाव्याने रेखाटला जातो; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काचबिंदूत चेतातंतूंचा थर पातळ होऊ लागल्याचे या छेदात अनेकदा दृष्टिक्षेत्र आक्रसण्यापूर्वीच आढळते.

काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळत नाही, म्हणूनच वेळेवर झालेले निदान अमोल ठरते. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर साधारणतः दरवर्षी, कोणताही त्रास जाणवत नसला तरी, दृष्टिपटलाची तपासणी प्रत्येक रुग्णाने अवश्य करून घ्यावी.