जुळ्यातील कालवड

गाय व्याली आणि एका वासरामागून दुसरे वासरू आले, म्हणजे शेतकऱ्याच्या घरी साहजिकच आनंद होतो. त्यातून एक गोऱ्हा व एक कालवड झाली, तर बैल आणि गाय दोन्हींचा लाभ झाला असे वाटते. तथापि याच जोडीविषयी सावध राहणे इष्ट होय. कारण गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुधा कधीच गाभण राहत नाही.

होल्स्टीनसारख्या दुधाळ गाईंच्या शंभर वेतांत साधारणतः तीन ते पाच वेळा जुळे होते. म्हशीत ते फारच क्वचित आढळते.

विण्याच्या वेळी

जुळी वासरे बहुधा काही दिवस आधी जन्मतात व वजनाने हलकी असतात. दोन्ही वासरे एकाच वेळी बाहेर येऊ लागल्यास पाय एकमेकांत अडकतात. अशा वेळी ओढाताण न करता पशुवैद्यकास बोलवावे. पहिले वासरू झाल्यावर गाय पुन्हा कळा देऊ लागली, तर दुसऱ्याची वाट पाहावी.

पहिल्या एक-दोन तासांतच दोन्ही वासरांस चीक पाजावा. वीस किलो वजनाच्या वासरास पहिल्या दिवशी सुमारे दोन लिटर चीक मिळाला पाहिजे. दुबळे वासरू मागे पडते. त्यास धरून पाजावे. खरवसाचा विचार वासरांची पोटे भरल्यावर करावा. जुळ्यानंतर वार अडकण्याचा संभव अधिक असतो. बारा तासांत ती न पडल्यास हाताने ओढू नये व तिला वजनही बांधू नये, दवाखान्यात कळवावे.

कालवड वांझ का होते?

गर्भ एक-दीड महिन्याचे असतानाच दोहोंच्या वेष्टनांतील रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींस मिळतात. गोऱ्ह्याच्या शरीरातील संप्रेरके त्या वाटेने कालवडीच्या रक्तात जातात आणि तिच्या गर्भाशयाची व बीजांडकोशांची वाढ खुंटते. अशा शंभर कालवडींपैकी नव्वदांहून अधिक वांझ निघतात. लंडनमधील शल्यवैद्य जॉन हंटर यांनी १७७९ साली अशा कालवडींचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्याचे कारण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शिकागो विद्यापीठातील फ्रँक लिली यांनी उलगडून दाखविले. दोन्ही कालवडीच झाल्या असतील, तर मात्र ही भीती नाही.

तपासणी लवकर करावी

बाहेरून पाहता अशी कालवड बहुधा इतरांसारखीच दिसते. तीन वर्षे वैरण, पेंड व श्रम खर्ची पडतात आणि ती माजावर येत नाही, हे मग ध्यानात येते. लहान शेतकऱ्यास हा तोटा सोसणे कठीण जाते. सबब वासरू लहान असतानाच पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. नवजात निरोगी कालवडीचा योनिमार्ग सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर लांब असतो. वांझ कालवडीत तो ५ ते ८ सेंटिमीटरच भरतो. घरी ही तपासणी करू नये. नाजूक भागास इजा होते. शंका उरल्यास रक्ततपासणीने निर्णय करता येतो.

जुळ्याची नोंद वहीत जन्मदिनीच करून ठेवावी. कालवड विकावयाची झाल्यास ती गोऱ्ह्याबरोबर जन्मली आहे, हे घेणाऱ्यास स्पष्ट सांगावे; नाही तर एका गोठ्यातील तोटा दुसऱ्या गोठ्यात जातो, एवढेच.