गाठ सेंटिमीटरची, हिशोब मिलिलिटरचा

सोनारी हे परंडा तालुक्यातलं काळभैरवनाथाचं गाव. चैत्रात यात्रेला माणसं लोटतात, दिवाळीनंतर उसाच्या गाड्या. साखर कारखाना इथेच आहे. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. पाळीत बाई कोपीत, म्हणजे झोपडीत, आडवी झाली की खाडा पडतो, मजुरी जाते आणि वर दंड बसतो.

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली या बायांची पाहणी झाली. राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेला आकडा असा: ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. सहांत एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये देशभराचं प्रमाण ३.२ टक्के होतं, म्हणजे एकतिसांत एक.

या सगळ्यांनाच पिशवीत गाठी होत्या असं नाही. कुणाचं अंगावरून पांढरं जात होतं, कुणाचं पोट दुखत होतं. पण ‘पिशवीत गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल’ एवढं ऐकलं की बाई मजुरीची आगाऊ उचल घेऊन ऑपरेशनच्या टेबलावर जाते, म्हणून या गाठींचं गणित तिच्यापर्यंत पोचायला हवं.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतली गाठ. ती एकाच पेशीपासून वाढते. एकीच्या दोन, दोनाच्या चार असं तीसदा झालं की पेशी १०७ कोटींवर जातात. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अभ्यासात पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायांत सुमारे ७० टक्के आणि कृष्णवर्णीय बायांत ८० टक्क्यांहून जास्त जणींना या गाठी आढळल्या. बहुतेकींना काहीच त्रास होत नाही. कॅन्सरचं म्हणाल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये धरलेला अंदाज चढ्यांपैकी मानला जातो: गाठींसाठी ऑपरेशन झालेल्या ३५० बायांत एक. उरलेल्या ३४९ जणींची गाठ साधीच.

सोनोग्राफीच्या कागदावरचे सेंटिमीटरही फसवे असतात. चाराची गाठ पाच सेंटिमीटरची झाली की आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. पाचाची दहा झाली तर आठपट, अर्ध्या लिटरहून जास्त. एवढी गाठ मूत्राशयावर दाबते, लघवीला सारखं जावं लागतं, कंबर भरून येते. उलट पोकळीत डोकावणारी दोन सेंटिमीटरची गाठ बाईला रक्तबंबाळ करू शकते. गाठ कुठे आहे, हे आधी विचारावं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो रक्ताचा हिशोब. पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८०च्या वर गेलं की ते जास्त. महिन्याला ८० म्हणजे वर्षाला जवळजवळ एक लिटर, आणि पन्नास किलोच्या बाईच्या अंगात रक्त असतं साडेतीन लिटरच्या आत. ८० मिलिलिटर रक्तासोबत सुमारे ४० मिलिग्रॅम लोह जातं, दिवसाला जवळपास दीड. शिवाय एक मिलिग्रॅम रोज असंच झिजतं. अन्नातून शरीर एरवी एक-दोनच मिलिग्रॅम शोषतं. भाकरी आणि चटणीवर ही तूट भरत नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत ५४.२ टक्के बायांना रक्तक्षय होता.

त्रास नसेल तर गाठीवर नुसती नजर ठेवली तरी चालते. रक्तस्राव जास्त असेल तर लोहाच्या गोळ्या, पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, जे काही वर्षं पुरतं. (साध्या तांबीने मात्र रक्तस्राव वाढतो.) मूल हवं असेल तर नुसती गाठ काढता येते. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करता येतो, पण ती सोय मोठ्या शहरांत. पिशवी काढणं हाच काही जणींसाठी योग्य उपाय असतो, कारण त्यानंतर गाठ परत येत नाही. पाळी तर पिशवी काढली की जातेच, पण बीजकोशही काढले तर त्यांची हार्मोन्सही एकदम थांबतात आणि हाडं लवकर झिजतात. डोक्यावर उसाची मोळी वाहणाऱ्या बाईला ते कसं परवडावं? बीडमध्ये २०१९च्या त्या पाहणीनंतर खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

पाळी गेल्यावर गाठी आपोआप आकसतात. त्यानंतर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवसही न थांबता तपासून घ्यावं. आपल्याकडे पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते. त्रेचाळिशीतल्या बाईची गाठ लहान असेल, तर तिला निभवायची असतात फक्त तीन-चार वर्षं, आणि गोळ्यांवर ती निघून जाऊ शकतात.