नव्या डेटाबेस सर्व्हरसाठी प्रोसेसरची निवड

देणगीतून उभे राहिलेले शस्त्रक्रियागृह अभ्यागतांना दाखविता येते. बंद खोलीतील सर्व्हर तसा डोळ्यांत भरत नाही. तरीही केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधसाठा व अंतिम बिल ही सर्व कामे त्याच्यावरच अवलंबून असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात आणि इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. त्या निधीचा हिशेबही याच सर्व्हरवर राहतो. विश्वस्त मंडळाने नवा सर्व्हर घेण्याचे ठरविल्यावर त्याचा प्रोसेसर कोणत्या कसोट्यांवर निवडला, हे देणगीदारांस व रुग्णांच्या नातेवाइकांस कळावे, म्हणून हे टिपण.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग. अनेक वर्षे त्याचा वेग वाढत गेला. परंतु वेगाबरोबर उष्णताही वाढली आणि ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलने २००४ साली सोडून दिला. २००५ साली इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांनी एकाच प्रोसेसरमध्ये दोन कोअर, म्हणजे आकडेमोडीची दोन स्वतंत्र केंद्रे, बसविली. एएमडीने २०२४ साली आणलेल्या एपिक ९९६५ मध्ये असे १९२ कोअर आहेत.

मग अधिकाधिक कोअर का घेऊ नयेत? कोअर म्हणजे नोंदणी कक्षाची खिडकी समजावी. खिडक्या वाढल्या की रांग आखूड होते. मात्र एका रुग्णाचा केसपेपर तयार होण्यास लागणारा वेळ त्या खिडकीवरील कर्मचाऱ्याच्या हातावरच ठरतो. शिवाय काही कामे क्रमानेच होतात. एकाच औषधाच्या साठ्यातून दोन ठिकाणी एकाच क्षणी वजावट करावयाची झाल्यास एकीला थांबावेच लागते. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारानुसार कामाचा ५ टक्के भाग असा क्रमाने होणारा असेल, तर कितीही कोअर लावले तरी ते काम २० पटींहून अधिक वेगाने होत नाही.

दुसरा प्रश्न परवान्याचा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरसाठी २०१२ च्या आवृत्तीपासून कोअरवार परवाना सुरू झाला. त्या पद्धतीत सर्व्हर थेट वापरल्यास त्यातील प्रत्येक कोअरचे शुल्क भरावे लागते, मग तो कोअर राबो वा रिकामा बसो. ३२ कोअर घेतल्यास १६ कोअरच्या दुप्पट शुल्क. पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या मुक्त प्रणालीस असे शुल्क नाही. परंतु रुग्णालयाचे सॉफ्टवेअर ज्या डेटाबेसवर बेतलेले असते, तो बदलणे हे स्वतंत्र व खर्चिक काम आहे. यंत्राच्या दरपत्रकात परवान्याचा हा आकडा दिसत नाही. म्हणून दोन्हींची बेरीज करूनच तुलना करणे योग्य ठरते.

एएमडीच्याच एपिक ९१७५एफ मध्ये केवळ १६ कोअर आहेत. पण त्याचा कमाल वेग ५ गिगाहर्ट्झ, तर ९९६५ चा ३.७ गिगाहर्ट्झ आहे. प्रोसेसरच्या आत हाताशी असणारी कॅशे स्मृती पहिल्यात ५१२ मेगाबाइट, तर दुसऱ्यात ३८४ मेगाबाइट आहे. वारंवार लागणाऱ्या नोंदी जेवढ्या हाताशी, तेवढा मुख्य स्मृतीकडे हेलपाटा कमी.

तथापि आधी निदान, मग उपचार, हा रुग्णालयाचा नियम येथेही लागू होतो. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीच्या वेळी जुन्या सर्व्हरचा प्रोसेसर खरोखर किती व्यग्र असतो, हे पाहावे लागते. तो निवांत असूनही पडद्यावर माहिती उशिरा येत असेल, तर दोष डिस्कचा, अपुऱ्या स्मृतीचा किंवा डेटाबेसच्या सदोष सूचीचा असू शकतो. नवा प्रोसेसर त्यावर औषध नव्हे.

एका बाबतीत मात्र काटकसर केलेली नाही. स्मृती ईसीसी प्रकारचीच असावी, असा आग्रह धरला. साठविलेल्या माहितीतील एका बिटाची चूक अशी स्मृती स्वतःच दुरुस्त करते. रक्तगट किंवा औषधाची मात्रा जेथे नोंदली जाते, तेथे ही सोय चैनीची मानता येत नाही.

या सर्व विचारांती अधिक वेगाचा व मोठ्या कॅशेचा, १६ कोअरचा एकच प्रोसेसर घेण्याचे ठरले. परवान्यात वाचणारी रक्कम रोजच्या नोंदींची प्रत दुसऱ्या इमारतीत सुरक्षित ठेवण्याच्या व्यवस्थेसाठी वापरली जाईल. सर्व्हर आज ना उद्या बंद पडणारच. त्या दिवशी खाटेवरील रुग्णाची नोंद हाती असणे हाच या खर्चाचा खरा हेतू आहे.