अर्धमॅरेथॉनसाठी परगावी जाताना : अंतर तेच, पण शहरागणिक शर्यत वेगळी

पावसाळा ओसरू लागला की देशभरात अर्धमॅरेथॉन शर्यतींचा हंगाम सुरू होतो आणि हजारो हौशी धावपटू आपले शहर सोडून दुसऱ्या शहरात धावण्यासाठी निघतात. अनेक महिन्यांचा सराव, प्रवेश शुल्क, आरक्षणे आणि मिळवलेली रजा यांमुळे ठरवलेली वेळ गाठायचीच, असा निर्धार मनात असतो. मात्र सराव झालेला असतो तो घरच्या हवेत, घरच्या रस्त्यावर आणि घरच्या तापमानात. नव्या शहरात यांपैकी काहीच सोबत येत नाही. हा फरक लक्षात न घेतल्यास केवळ वेळ हुकते असे नाही, तर प्रकृतीलाही धोका पोहोचू शकतो.

अर्धमॅरेथॉनचे अंतर सर्वत्र २१.०९७५ किलोमीटर असते. ते पूर्ण मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरच्या निम्मे आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेलेले हे अंतर १९२१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. अंतर असे काटेकोरपणे ठरलेले असले, तरी मार्गावरील चढ, हवेतील दमटपणा, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि हवेची गुणवत्ता शहरागणिक बदलते. अर्धमॅरेथॉन दोन तासांत पूर्ण करण्यासाठी दर किलोमीटरला सरासरी ५ मिनिटे ४१ सेकंदांचा वेग राखावा लागतो. घरी सहज जमणारा हा वेग परगावी जमेलच, असे नाही.

मुंबई : दमट हवा

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि ती सहसा जानेवारीत होते. त्या दिवसांत दिल्लीत पहाटेचे तापमान बहुधा १० अंश सेल्सिअसच्या खाली असते, तर मुंबईत ते त्याहून बरेच अधिक असते आणि हवाही दमट असते. धावताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत रूपांतरित होतो. घामाचे बाष्पीभवन झाले, तरच ही उष्णता शरीराबाहेर पडते. दमट हवेत घाम नुसताच निथळतो आणि शरीर तापत राहते. उष्ण हवामानाशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. एक-दोन दिवस आधी पोहोचणाऱ्या धावपटूला हा अवधी मिळत नसल्याने सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवणे हाच त्याच्यासाठी सुरक्षित मार्ग ठरतो.

सातारा : घाटाची परीक्षा

सातारा हिल अर्धमॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. कास पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील यवतेश्वर घाट जाताना चढायचा आणि परतताना तोच उतरायचा, हे या शर्यतीचे वैशिष्ट्य आहे. सपाट शहरातून आलेल्या धावपटूची पहिली चूक बहुधा चढावर होते. घड्याळातील वेग सांभाळण्याच्या नादात दम आणि हृदयाचे ठोके आवाक्याबाहेर जातात. दुसरी चूक उतारावर होते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचा भार पेलतात, त्यामुळे त्यांना सूक्ष्म इजा होते आणि पुढील दोन-तीन दिवस जिना उतरणेही कठीण जाते. घाटातील शर्यतीत घड्याळाऐवजी श्वासाकडे लक्ष द्यावे आणि सरावात चढाइतकाच उतारही असावा. जवळपास टेकडी नसल्यास उड्डाणपुलावर हा सराव करता येतो.

लेह : विरळ हवा

लडाख मॅरेथॉनही २०१२ पासून होत असून लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच असते. मात्र हवेचा दाब सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने प्रत्येक श्वासागणिक शरीराला कमी ऑक्सिजन मिळतो. दिल्लीहून विमानाने लेहला पोहोचण्यास साधारण सव्वा तास लागतो, पण शरीराला त्या उंचीची सवय होण्यास कित्येक दिवस लागतात. पहिले ४८ तास पूर्ण विश्रांती घेण्याचा सल्ला सर्वच पर्यटकांना दिला जातो. धावणाऱ्यांसाठी तेवढा काळ पुरेसा नाही, त्यांनी आठवडाभर किंवा त्याहून आधी पोहोचणे श्रेयस्कर. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणे होत. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, सतत खोकला येणे किंवा चालताना तोल जाणे ही गंभीर लक्षणे आहेत. अशा वेळी शर्यतीचा विचार सोडून त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी आणि कमी उंचीवर उतरावे.

दिल्ली : हवेचा निर्देशांक

दिल्ली अर्धमॅरेथॉनची सुरुवात २००५ मध्ये झाली. तिचा मार्ग तुलनेने सपाट आणि वेगवान मानला जातो. मात्र शर्यतीच्या हंगामातच राजधानीची हवा बिघडू लागते. नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रदूषण वाढल्याने इंडियन मेडिकल असोसिएशनने ही शर्यत पुढे ढकलण्याची मागणी केली होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर शर्यत ठरल्या दिवशीच झाली. धावताना माणूस विश्रांतीच्या तुलनेत कितीतरी पट अधिक हवा, तीही मुख्यतः तोंडाने, आत घेतो. त्यामुळे सूक्ष्म धूलिकण फुप्फुसांत खोलवर जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात २०१ ते ३०० हा ‘वाईट’, ३०१ ते ४०० हा ‘अतिशय वाईट’ आणि ४०१ च्या पुढील स्तर ‘गंभीर’ मानला जातो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी प्रवासाला निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून कोणत्या स्तरावर माघार घ्यायची, हे निश्चित करावे.

प्रवास, बिब आणि जेवण

रात्रभराच्या रेल्वे किंवा बसप्रवासानंतर थेट धावण्यास उभे राहू नये. शर्यतीच्या आदल्या रात्री उत्सुकतेपोटी अनेकांना झोप लागत नाही, म्हणून त्याआधीच्या रात्रीची झोप अधिक मोलाची ठरते. प्रवासात अधूनमधून उठून चालावे. बूट, मोजे आणि धावण्याचे कपडे हातातील पिशवीतच ठेवावेत. सामान हरवल्यास ऐनवेळी घेतलेले नवे बूट पायाला फोड आणतात.

बहुतेक मोठ्या शर्यतींत बिब आदल्या दिवसापर्यंत ओळखपत्र दाखवून घ्यावे लागते. शर्यतीच्या दिवशी ते सहसा मिळत नाही. ही वेळ पाहूनच परतीचे आणि जाण्याचे तिकीट काढावे. ऐनवेळी येऊ न शकलेल्या मित्राचे बिब लावून धावण्याचा प्रकार सर्रास घडतो, पण तो धोकादायक आहे. धावपटू बेशुद्ध पडल्यास वैद्यकीय पथक बिबवरील क्रमांकावरून नाव, रक्तगट आणि नातेवाइकांचा दूरध्वनी शोधते. बिब दुसऱ्याचे असेल, तर माहितीही चुकीची मिळते आणि निरोप दुसऱ्याच्याच घरी जातो.

नव्या शहरातील खाद्यपदार्थांचा आस्वाद शर्यतीनंतर घ्यावा. आदल्या रात्री भात, पोळी, बटाटा किंवा खिचडी असे सवयीचे आणि कमी तिखट-तेलकट अन्न हितकारक ठरते. पहाटे हॉटेलमध्ये न्याहारी मिळेलच याची खात्री नसल्याने केळी आणि नेहमीचा खाऊ सोबत असावा.

पाणी किती, थांबायचे केव्हा

कमी पाणी पिणे घातक असते, तसेच गरजेपेक्षा अधिक पिणेही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत सुमारे १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी आढळले. धावताना वजन वाढण्याइतके द्रव पिणे हे त्यामागील प्रमुख कारण होते. प्रत्येक टेबलावर थांबून पोटभर पाणी पिण्याऐवजी तहानेनुसार घोट-घोट प्यावे आणि घाम अधिक येत असल्यास क्षारयुक्त पेय घ्यावे.

छातीत दुखणे, चक्कर येणे, उन्हातही अंगावर शहारे येणे किंवा बोलणे असंबद्ध होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मिनिटामिनिटाला धोका वाढतो. अशा रुग्णाला रुग्णालयात हलवण्याच्या प्रतीक्षेत न ठेवता जागीच बर्फ किंवा थंड पाण्याने गार करणे आवश्यक असते. शेजारी धावणाऱ्याचे पाऊल अडखळत असेल, तर त्याला थांबवून स्वयंसेवकाला हाक मारणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरते.

त्यामुळे परगावी धावताना दोन उद्दिष्टे आधीच ठरवून ठेवणे हितावह आहे : हवामान अनुकूल असल्यास गाठायची वेळ आणि ते प्रतिकूल असल्यास केवळ सुखरूप शर्यत पूर्ण करण्याचा वेग. कोणते उद्दिष्ट स्वीकारायचे, याचा निर्णय तेथे पोहोचल्यावर, त्या पहाटेची हवा पाहूनच करावा. गरज भासल्यास त्या दिवशी न धावण्याचा निर्णयही योग्यच ठरतो. शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा होणार असते.