थांबता काटा

मार्कंड्यास वैनगंगा उत्तरेकडे वळते. तिच्या काठच्या कोरीव देवळांची कथा वाचकांस ठाऊकच आहे: सोळा वर्षांचें आयुष्य घेऊन आलेला मुलगा शिवलिंगास कवटाळून बसला आणि काळास मागें फिरावें लागलें. येथील महाशिवरात्रीच्या जत्रेंत आमचे वडील बंधु, जे व्यवसायानें डॉक्टर होते, दरवर्षीं यात्रेकरूंस तपासण्यास बसत. डाव्या हातानें रोग्याची नाडी धरावी आणि उजव्या बोटानें त्याच डाव्या मनगटावरील घड्याळाची कळ दाबावी, ही त्यांची लकब आमच्या डोळ्यांपुढें आजही आहे.

तें घड्याळ क्रोनोग्राफ जातीचें. साधें घड्याळ वेळ दाखवितें. हें वेळ मोजतेंही. कळ दाबतांच मधला लांब काटा चालूं लागतो, पुन्हा दाबतां थांबतो, दुसऱ्या कळीनें शून्यावर परततो. बंधूंच्या तबकडीच्या कडेस नाडीचे आंकडे होते. तीस ठोके मोजून काटा थांबवावा आणि त्याच्या टोकाशीं मिनिटाचे ठोके वाचावे. तीस ठोक्यांस ३० सेकंद लागले तर ६०, २० लागले तर ९०, १५ लागले तर १२०, १० लागले तर १८०. म्हणजे हे आंकडे सारख्या अंतरावर नसतात. जलद नाडीकडे ते दाटत जातात. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

अशा जुन्या घड्याळांचें चक्र बहुधा सेकंदास पांच वेळां टिकटिकतें. आपल्या ज्योतिषांत एका गुरु अक्षराच्या उच्चाराचा काळ तें विपळ, साठ विपळांचें पळ, साठ पळांची घटिका, साठ घटिकांचें अहोरात्र. हिशेब केल्यास विपळ म्हणजे सेकंदाचे दोन पंचमांश, अर्थात् बरोबर दोन टिकटिकी! हें प्रथम ध्यानांत आलें तेव्हां आम्ही घड्याळ कानाशीं धरून अक्षरें म्हणत बसलों होतों. घरांत हंसूं झालें.

फ्रान्समधील लुई म्वाने यांनीं १८१६ त असें मोजणीचें यंत्र केलें तें तारे पाहण्यासाठीं. पुढें निकोला रियुसेक यांनीं १८२१ त घोड्यांच्या शर्यतीसाठीं तबकडीवर शाईचा ठिपका उमटविणारें यंत्र केलें. क्रोनोग्राफ, म्हणजे काल लिहिणारा, हें नांव त्यावरून. १९६९ सालीं आपोआप चावी बसणारे मनगटी क्रोनोग्राफ निघाले, चंद्रावरही ऑल्ड्रिन यांच्या हातीं क्रोनोग्राफच होता. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जपानांत स्फटिकाचें घड्याळ विक्रीस आलें. त्यानें चावीच्या घड्याळांची गरज संपविली. जें गरजेचें राहिलें नाहीं तेंच लोक आतां शोधीत हिंडतात. आम्हांस त्यांत वेड दिसत नाहीं.

मात्र संग्राहक फसतो तो तबकडीवर. मुंबईच्या बाजारांतून जुन्या तबकड्या नव्यानें रंगवून इतकीं घड्याळें बाहेर गेलीं आहेत कीं, परदेशचे संग्राहक त्यांस 'मुंबई स्पेशल' असेंच म्हणतात. मार्कंड्याच्या मूर्तींचीं झिजलेलीं नाकें कोणी सिमेंटानें नवीं केलीं तर आपणांस चालेल काय?

हें आम्ही शहाणपणानें लिहितों खरें, पण स्वतः आधीं तेंच करून बसलों आहों. बंधु गेल्यावर त्यांचें घड्याळ पुतण्यास द्यावयाचें होतें. तबकडी पिवळी पडली होती, आंकडे पुसट झाले होते. चांगलें करून द्यावें म्हणून तें आम्हीं एका मोठ्या शहरांतील घड्याळजीकडे धाडलें. परत आलें तें लखलखीत. पुतण्या, तोही डॉक्टर, त्यानें त्यावर आमचीच नाडी मोजली आणि म्हणाला, "काका, हें खोटें सांगतंय." काटा २५ सेकंदांवर थांबला होता, म्हणजे नाडी ७२, तबकडी ९० सांगत होती. रंगाऱ्यानें ६० पासून १८० पर्यंतचे आंकडे सारख्या अंतरानें मांडले होते. जुनी तबकडी त्याच रंगाखालीं खरवडली गेली होती. पुतण्या आम्हांस एक शब्दही बोलला नाहीं, तें अधिक लागलें.

तेव्हांपासून आम्ही जुने क्रोनोग्राफ पाहूं लागलों. आज जवळ तीन आहेत. तिन्हींच्या तबकड्या डागाळलेल्या आणि अस्सल. त्यांतील नाडीच्या आंकड्यांचें आम्हीं पुतण्यापुढें ठेवलें. त्यानें तें कौतुकानें पाहिलें, चावी दिली, कानाशीं धरलें, आणि परत केलें. हातांत तो वडिलांचेंच घालतो. वडिलांच्या बोटानें झिजलेली कळ तीच आहे. सेकंदांच्या खुणा रंगाऱ्यानें बरोबर काढल्या आहेत. तेवढ्या पाहून तो १८०० ला मनांतल्या मनांत भागतो.