लाद्यांखालचे पाणी आणि खालच्या घरातला खोकला

न्हाणीघराच्या लाद्यांखाली कोणता जलरोधक थर द्यावा, हा प्रश्न गवंड्याचा. त्यात डॉक्टरांनी कशासाठी लक्ष घालावे, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कांजूरमार्गसारख्या उपनगरात वैद्यकी करताना भिंतीवरील ओलीचा विषय टाळता येत नाही. पूर्वेला खाडी आणि मिठागरे, पश्चिमेला पवईच्या टेकड्या, मध्ये तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती आणि कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले उंच मनोरे, अशी ही वस्ती. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या आसपास राहते. अशा हवेत एकदा भिजलेला गिलावा सहजासहजी वाळत नाही. त्यात वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचे पाणी रोज थोडे थोडे मुरत असेल, तर तो कधीच वाळत नाही.

रात्री वाढणारा खोकला, सकाळी उठल्याबरोबर येणाऱ्या शिंका, औषधाने बरा होऊन पुन्हा उलटणारा दमा, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या कुटुंबांना मी एक प्रश्न हमखास विचारतो : झोपण्याच्या खोलीची एखादी भिंत न्हाणीघराला लागून आहे का, आणि छतावर डाग आहेत का? उत्तर पुष्कळदा ‘हो’ असे येते. त्या भिंतीला दरवर्षी रंग दिलेला असतो आणि दरवर्षी पोपडे निघालेले असतात.

ओल शरीराला काय करते?

भिजलेला गिलावा, लाकूड किंवा कागद एक-दोन दिवसांत वाळला नाही, तर त्यावर बुरशी धरू लागते. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत मिसळून श्वासावाटे आत जातात. नाकाची ॲलर्जी आणि दमा असणाऱ्यांना त्यांचा त्रास अधिक होतो. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, उदाहरणार्थ कर्करोगावरील उपचार घेणारे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण, त्यांच्या फुप्फुसांत काही बुरशी गंभीर संसर्गही करू शकतात. दमट गाद्या-उशांमध्ये धुळीतील सूक्ष्म किडेही वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दमट, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचा संसर्ग आणि दम्याची तीव्रता वाढणे यांचा धोका अधिक असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

गळतीचे आणखी दोन धोके आहेत. छतातील विजेच्या नळ्यांत पाणी शिरले तर दिव्याचे बटण दाबतानाही झटका बसू शकतो. शिवाय स्लॅबमधील लोखंडी सळ्या गंजल्या की फुगतात आणि खालचा काँक्रीटचा थर फोडून बाहेर ढकलतात. जुन्या इमारतींत छताचा तुकडा अंगावर पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

या साऱ्यातील विशेष गोष्ट अशी, की ज्याच्या न्हाणीघरातून पाणी झिरपते त्याला ते बहुधा दिसत नाही. आपल्या लाद्या चकचकीत असतात. डाग पडतो तो खालच्या छतावर, आणि खोकते ते खालच्या घरातील मूल. म्हणूनच न्हाणीघराचे नूतनीकरण करताना लाद्यांचा रंग निवडण्यापूर्वी त्यांच्या खाली काय असणार आहे, याचा विचार व्हावा.

आधी निदान, मग उपाय

लाद्या पाणी अडवतात, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. लादी स्वतः पाणी अडवत असली, तरी दोन लाद्यांमधील सांधे, नाहणी ट्रॅपभोवतीची कड आणि भिंत व जमीन यांचा कोपरा यांतून पाणी खाली उतरतेच. ते अडवायचे काम लाद्यांखालच्या थराचे असते. आपल्याकडे शॉवर असला तरी बादली आणि तांब्याही असतो, कपडे तेथेच धुतले जातात आणि जमीन रोज घासली जाते. त्यामुळे शॉवरखालचा कोपराच नव्हे, तर संपूर्ण न्हाणीघर ओले क्षेत्र मानावे लागते.

तथापि सर्वच गळती त्या थरामुळे होत नाही. रात्रंदिवस, कोणी स्नान करो वा न करो, ठिबकणे चालूच असेल, तर भिंतीतील दाबाच्या पाण्याचा नळ फुटलेला असण्याची शक्यता अधिक. वापरानंतरच डाग ओलावत असेल, तर सांडपाण्याची नळी, ट्रॅप किंवा जमिनीचा थर यांपैकी काहीतरी दोषी असते. केवळ पावसाळ्यात ओल येत असेल, तर बाहेरच्या भिंतीच्या भेगा तपासाव्यात. तीन-चार दिवस न्हाणीघर पूर्णपणे बंद ठेवून डागावर खुणा करणे, ही साधी चाचणी पुष्कळ काही सांगून जाते. फुटलेल्या नळावर जमिनीच्या लेपाचा उपाय करणे म्हणजे खर्च आणि मनस्ताप दोन्ही पदरी घेणे होय.

पद्धती कोणत्या?

मुंबईत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली पद्धत म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा. खोलगट स्लॅबमध्ये सिमेंट व जलरोधक द्रव यांच्या मसाल्यात विटांचे तुकडे बसवून उतार दिला जातो. कुशल हातांनी केलेला कोबा वर्षानुवर्षे टिकतो. पण तो जड असतो, आणि एकदा भेग पडली की विटांचे तुकडे पाणी शोषून धरून ठेवतात. जुन्या इमारतीत हा भार वाढवण्यापूर्वी संरचना अभियंत्याचे मत घ्यावे. कोबा केला तरी त्याच्या खाली, स्लॅबवर, जलरोधक लेप असलाच पाहिजे.

दुसरी, आणि सामान्य कुटुंबाच्या न्हाणीघरासाठी मला सर्वांत व्यवहार्य वाटणारी पद्धत म्हणजे सिमेंट व ॲक्रिलिक पॉलिमर यांचा दोन घटकांचा लेप. भुकटी आणि द्रव ठरलेल्या प्रमाणात मिसळून तो ब्रशने दोन थरांत, एकमेकांना काटकोनात लावतात. तो किंचित दमट पृष्ठभागावर चालतो, थोडा लवचीक असतो, आणि त्यावर गिलावा व लाद्या चांगल्या धरतात.

तिसरी पॉलियुरेथेनच्या द्रव लेपाची. ती रबरासारखी ताणली जाते, म्हणून हालचाल होणाऱ्या भेगांवर उपयोगी. परंतु तिला पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो आणि खर्च अधिक येतो. लाद्या धराव्यात म्हणून ओल्या लेपावर वाळू भुरभुरावी लागते. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत हे काम न केलेले बरे.

डांबरी पत्र्यांची पद्धत गच्चीवर उत्तम. पण ज्वाळेने चिकटवावे लागणारे हे पत्रे, अनेक नळ्या वर आलेल्या लहानशा बंदिस्त न्हाणीघरात नीट बसत नाहीत. तेथे आग आणि धूर यांचाही धोका असतो. काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करणारी रसायने मूळ काँक्रीटला घट्ट करतात. मात्र हलणारी भेग त्यांना सांधता येत नाही.

राहिली ‘न तोडता’ करण्याची पद्धत. सांधे खरवडून त्यांत इपॉक्सी भरणे किंवा लाद्यांवर पारदर्शक द्रव लावणे, हे दोष फक्त सांध्यांत असेल तेव्हाच कामास येते. घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध असतील किंवा परीक्षा तोंडावर आल्या असतील, तर काही काळ निभावण्यापुरता हा मार्ग ठीक आहे. ट्रॅपची कड किंवा नळी फुटली असेल, तर त्याने काही साधत नाही.

कामाच्या वेळी पाहण्यासारखे

पद्धत कोणतीही निवडा. काम बिघडते ते बहुधा कोपऱ्यांत. लाद्या व जुना मसाला काढून स्लॅब स्वच्छ करावा. नळ्या आणि ट्रॅप यांच्याभोवती आकुंचन न पावणारा मसाला भरावा. भिंत व जमीन जेथे मिळतात तेथे गोलाकार वाटा करून लेपात जाळीची पट्टी बसवावी. लेप सर्व भिंतींवर किमान १ फूट आणि शॉवरच्या भिंतीवर ६ ते ७ फूट वर न्यावा. तो उंबरठ्याखालीही गेला पाहिजे, नाहीतर पाणी दाराच्या चौकटीतून खोलीत शिरते. उतार ट्रॅपकडे दर मीटरला सुमारे १० ते १२ मिलिमीटर असावा.

यानंतर पाण्याची परीक्षा. ही वगळू देऊ नका. लेप उत्पादकाने सांगितलेल्या काळापर्यंत सुकल्यावर ट्रॅप बंद करून दीड-दोन इंच पाणी भरावे, पातळीची खूण करावी आणि ४८ तास ठेवावे. या काळात खालच्या घरातील छत पाहावे. ही परीक्षा लाद्या बसवण्यापूर्वी झाली, तर दोष एका दिवसात दुरुस्त होतो. नंतर लक्षात आला, तर सारे पुन्हा फोडावे लागते. नळांची दाबाची चाचणीही भिंत बंद करण्यापूर्वीच घ्यावी. लाद्या मसाल्याच्या ठिपक्यांवर न बसवता संपूर्ण पाठ चिकटेल अशा बसवाव्यात, आणि सांध्यांत पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरावे. घरात वृद्ध असल्यास लादी खरखरीत निवडावी.

डॉक्टर म्हणून दोन सूचना. लाद्या कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात कायमची साचते. कापणी पाणी मारूनच करावी आणि कारागिरांनी योग्य प्रकारचा मास्क वापरावा, असा आग्रह धरा. ते कोणाच्या तरी घरातील कर्ते आहेत. दुसरे, प्रायमर आणि द्रव लेपांचा वास दमेकऱ्यांना सोसत नाही. त्या दिवसांत दमेकरी, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी नातेवाइकांकडे राहावे हे उत्तम. काम झाल्यावरही स्नानानंतर वायुवीजक पंखा अर्धा तास चालू ठेवावा आणि जमिनीवरील पाणी ओढून टाकावे.

शेजारधर्म आणि कायदा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाचे पाणी आणि बाहेरील सामाईक नळ्या यांमुळे होणारी गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी, तर सदनिकेच्या आतील न्हाणीघरातून होणारी गळती ही सदस्याची. नवीन मनोऱ्यात राहायला येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कारागिरीचा दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. केवळ लाद्यांचा रंग आवडला नाही म्हणून त्याने दिलेला थर आपण फोडला, तर पुढे दोष कोणाचा यावर वाद उभा राहतो.

काम सुरू करण्यापूर्वी कंत्राटदाराकडून लेपाचे नाव व थरांची संख्या, भिंतीवरील उंची, ४८ तासांची परीक्षा आणि हमीचा काळ या गोष्टी लेखी घ्या; पाण्याच्या परीक्षेपूर्वी मोठी रक्कम देऊ नका. दिवाळीनंतर ते मेपर्यंतचा काळ या कामासाठी निवडा. आणि संस्थेच्या कार्यालयात अर्ज देण्याच्या दिवशीच एक मजला खाली उतरून त्यांच्या छताचे छायाचित्र घेण्याची परवानगी मागा. परीक्षेचे पाणी भरल्यानंतर तेच छत पुन्हा पाहण्यासाठी त्यांचे दार आपल्याला उघडे असले पाहिजे.