आकाशविद्येचा अनध्याय

विद्या कोणतीहि असो, ती दोन कारणांनीं सुटते. शिकणाऱ्याची गोडी संपते म्हणून, किंवा त्याची थैली रिकामी होते म्हणून. पहिल्या प्रकाराविषयीं फारसें बोलण्यासारखें नाहीं. ज्याला गोडीच राहिली नाहीं, त्याला बळेंच बसवून ठेवण्यांत अर्थ नसतो. परंतु गोडी आहे, अंगांत धमक आहे, शिक्षकाची शाबासकीहि मिळाली आहे, आणि केवळ पैशाच्या अडचणीनें पाऊल अडतें, अशा वेळीं थांबावें कीं पुढें चालावें, हा प्रश्न बिकट होतो. विद्या गायनाची किंवा चित्रकलेची असली, तर चुकीच्या निर्णयानें फार तर एक वर्ष फुकट जातें. पण जिच्यांत दहा-तेरा हजार फुटांवरून विमानाबाहेर पाऊल टाकावयाचें असतें, तिच्या बाबतींत निर्णयाची गांठ जिवाशीं असते. हवाईछत्रीच्या साह्यानें आकाशांतून उडी घेण्याच्या, हल्लींच्या भाषेंत ‘स्कायडायव्हिंग’च्या, शिक्षणाचा ह्या दृष्टीनें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील कोणी विचारील, कीं आम्हांस ह्या चर्चेचें काय प्रयोजन? आकाशांतून खालीं येण्याचा प्रसंग आमच्या जिल्ह्यास एकदांच काय तो आला, आणि तो लोणारास! कोणे एके काळीं एक उल्का तेथील काळ्या खडकावर येऊन आदळली आणि पावणेदोन किलोमीटरांहून अधिक रुंदीचें विवर पाडून गेली. छत्रीवांचून उतरल्यास काय होतें, ह्याचा एवढा मोठा धडा दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याच्या वांट्यास आला असेल असें वाटत नाहीं. परंतु विनोद बाजूस ठेविला, तर आज खामगांव, चिखली, मलकापूर, मेहकर येथील घरोघरचीं मुलें-मुली शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुण्या-मुंबईस आणि परदेशांतहि आहेत. वडील मंडळींनीं स्वप्नांतहि न पाहिलेल्या विद्यांचीं दारें त्यांच्यापुढें उघडलीं आहेत. तेव्हां ‘मी आकाशांतून उडी घेण्यास शिकतों’ असें पत्र उद्यां कोणत्या घरीं येईल, ह्याचा नेम नाहीं.

शिवाय, हें वेड परकीयांचें आहे, असेंहि म्हणतां येत नाहीं. कालिदासाच्या शाकुंतलाच्या सातव्या अंकांत राजा दुष्यंत इंद्राच्या रथांतून खालीं उतरत असतां, पृथ्वी आपल्याकडे वर झेंपावत येत आहे असें त्याला कसें भासलें, ह्याचें वर्णन आहे. तें वाचून आजचे उडी घेणारेहि मान डोलावतील. प्रत्यक्षांत फ्रेंच गृहस्थ गार्नेरिन ह्यांनीं २२ ऑक्टोबर १७९७ रोजीं पॅरिस येथें बलूनमधून छत्रीच्या आधारें उडी घेतली, आणि पुढें शंभर वर्षें लोटण्यापूर्वींच, १८९० च्या सुमारास, कलकत्त्याच्या रामचंद्र चतर्जी ह्या बंगाली गृहस्थानें तोच पराक्रम आपल्या देशांत करून दाखविला.

महाराष्ट्राचें नांव ह्या विद्येंत गाजविलें तें पुण्याच्या श्रीमती शीतल महाजन ह्यांनीं. १८ एप्रिल २००४ रोजीं उत्तर ध्रुवावर, उणें ३७ अंश थंडींत, त्यांनीं २,४०० फुटांवरून उडी घेतली. आणि नवल हें, कीं ती त्यांच्या आयुष्यांतील पहिलीच उडी होती. १५ डिसेंबर २००६ रोजीं दक्षिण ध्रुवावर त्यांनीं ११,६०० फुटांवरून उडी घेतली. २०११ सालीं सरकारनें त्यांस ‘पद्मश्री’ देऊन गौरविलें. जुळ्या मुलांची आई झाल्यानंतर, २०१८ सालीं, थायलंडांतील पटाया येथें त्या चक्क नऊवारी नेसून सुमारें तेरा हजार फुटांवरून उतरल्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्यें एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. पूर्वसरावावांचून ध्रुवावर पहिली उडी, हा कोणीं गिरवावा असा कित्ता नव्हे. तो अपवादच समजावा. पण दोन ध्रुवांवरील त्या दोन उड्यांमध्यें दोन वर्षें आठ महिन्यांचें अंतर आहे, ही गोष्ट मात्र ध्यानांत धरण्यासारखी आहे. ह्या विद्येंत उशीर लागला म्हणून कांहीं बिघडत नाहीं.

आतां हें शिक्षण कसें असतें तें पाहूं. जुन्या पद्धतींत विमानास बांधलेल्या दोरीनें छत्री आपोआप उघडते आणि विद्यार्थी थोड्या उंचीवरून एकटाच उतरतो. १९८० नंतरच्या दशकांत रूढ झालेल्या दुसऱ्या पद्धतींत दोन शिक्षक विद्यार्थ्यास दोहों बाजूंनीं धरून त्याच्याबरोबर उडी घेतात. सुमारें बारा-तेरा हजार फुटांवर विमान सोडलें, कीं साडेपांच हजार फुटांच्या आसपास छत्री उघडीपर्यंत जेमतेम पाऊण मिनिट मिळतें. पूर्ण वेग आला म्हणजे दर साडेपांच सेकंदांस हजार फूट खालीं जातात! तेवढ्या अवधींत मनगटावरचा उंचीमापक पाहावयाचा, शरीराचा तोल राखावयाचा, शिक्षकाच्या हाताच्या खुणा ओळखावयाच्या आणि नेमक्या क्षणीं मूठ ओढावयाची. मुख्य छत्रीनें दगा दिला, तर ती सोडून देऊन राखीव छत्री उघडावयाची, हेंहि हातास सवयीनें यावें लागतें. विद्यार्थ्याचें भान हरपलें तर राखीव छत्री स्वतःच उघडणारें यंत्र असतें. ‘सायप्रस’ नांवाचें असें जर्मन यंत्र १९९१ पासून प्रचारांत आहे. पण यंत्र हें अखेरचा आसरा. तें विद्येची जागा घेऊं शकत नाहीं.

खर्चाचा प्रश्न उद्भवतो तो येथेंच. दोन शिक्षक, विमानाचें इंधन, भाड्याचें साहित्य, ह्या सर्वांचा भार एकट्या विद्यार्थ्यावर पडतो. अमेरिकेंत पहिल्या परवान्यास किमान २५ उड्या लागतात, आणि तेथवरचा एकंदर खर्च साधारणपणें तीन ते चार हजार डॉलर, म्हणजे आपले अडीच ते साडेतीन लाख रुपये होतो. प्रवास व राहणें निराळें. आपल्या देशांत हरियाणांतील नारनौल येथें नागरिकांसाठीं अशा उड्यांची सोय झाली. १३ जुलै २०२४ रोजीं केंद्रीय पर्यटनमंत्री गजेंद्रसिंह शेखावत ह्यांनीं तेथेंच उडी घेतली होती. पण शेगांव किंवा मलकापूर स्थानकावर गाडींत बसून तेथवर जाणें, आणि ढग वा वारा आड आल्यास दोन-तीन दिवस मुक्काम करून बसणें, हें मध्यम स्थितीच्या घरास सोपें नाहीं. आमच्याकडे ज्या घराचें वर्षाचें गणित अजूनहि कापूस-सोयाबीनच्या भावावर बसतें, त्या घराच्या मुलानें तर हा हिशेब आधींच मांडिला पाहिजे.

सामान्यतः होतें तें असें. समजा, मलकापूरच्या एका घरांतील मुलगी पुण्यास नोकरीस आहे. ती पगारांतून बचत करिते, पांच-सहा उड्या होतात, आणि पैसे संपतात. मग ती मनाशीं ठरविते, कीं थोडें थोडें करीत जाऊं; दोन महिन्यांनीं एक उडी घेऊं. हा मध्यम मार्ग दिसावयास शहाणपणाचा. पण वस्तुतः तोच सर्वांत महाग आणि सर्वांत घातक होय. अमेरिकेंतील ‘युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन’ ह्या संस्थेचा दंडक असा आहे, कीं विद्यार्थ्याची तीस दिवसांत एकहि उडी झाली नसेल, तर त्यानें शिक्षकाच्या नजरेखालीं उजळणी केल्यावांचून पुढें जाऊं नये. पहिला परवाना मिळालेल्यास ही मुदत साठ दिवसांची आहे. म्हणजे दोन महिन्यांनीं एकेक उडी घेणाऱ्या विद्यार्थ्याचे पैसे बव्हंशीं मागचाच धडा पुन्हां गिरविण्यांत जातात. प्रत्येक खेपेस प्रवासखर्च नवा, उजळणी नवी आणि भीतीहि नवी! पाढे पाठ करणाऱ्या मुलास महिन्यांतून एकदां शाळेंत धाडावें, आणि वर्षअखेरीस त्याचें अडखळणें पाहून नवल करावें, तशांतली ही गोष्ट. अभ्यास सुटलेली विद्या विषासारखी होते, असें आपले जुने नीतिकार सांगून गेले. येथें तें शब्दशः खरें आहे.

मग थांबणें हा कमीपणा आहे काय? मुळींच नाहीं. आपल्या परंपरेंत वेदाध्ययनासारख्या श्रेष्ठ विद्येलाहि अनध्याय सांगितलेला आहे. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या ह्या तिथींस पाठ बंद. अकालीं मेघगर्जना झाली तरी पाठ बंद. इतकेंच नव्हे, तर अध्ययन सोडण्याचा उत्सर्जन नांवाचा विधि आहे आणि तें पुन्हां आरंभिण्याचा उपाकर्म नांवाचा विधि आहे. श्रावणी करतांना आपण दोन्ही विधि एकाच दिवशीं उरकतों, म्हणून त्यांतील मर्म आपल्या लक्षांत येत नाहीं. मर्म हें, कीं विद्या थांबवावयाची तर ती सांगून-सवरून, ठरलेल्या ठिकाणीं थांबवावी. आणि पुन्हां धरावयाची तर ती विधिपूर्वक धरावी. आपोआप गळून पडलेला पाठ निराळा आणि पाळलेला अनध्याय निराळा. आकाशविद्येस हा नियम किती चपखल बसतो पाहा. ढग आले, वारा सुटला, कीं तेथेंहि पाठ बंदच असतो!

ह्या दृष्टीनें आमचें म्हणणें असें आहे. अद्यापि आरंभ झाला नसेल, तर सर्व शिक्षणाचे पैसे, त्यावर एक-दोन पाठ पुन्हां करावे लागतील त्यांचे, आणि हवेपायीं होणाऱ्या मुक्कामाचे, इतके हातीं आल्यावांचून आरंभच करूं नये. वर्षभर सांठवावें आणि मग एका सलग सुटींत शिक्षण पुरें करावें. उडीचा नुसता अनुभवच हवा असेल, तर शिक्षकाच्या छातीशीं बांधून घेतलेल्या एका उडीनें ती हौस फिटते. त्यासाठीं शिक्षणक्रमाचा खर्च नको. आरंभ झालेला असून पैसे संपत आले असतील, तर हातचा टप्पा नीट पुरा करून, शिक्षकाकडून नोंदवहींत स्पष्ट शेरा घेऊन थांबावें, आणि पुढील सर्व टप्प्यांची रक्कम जमल्यावरच पुन्हां जावें. परत गेल्यावर मात्र ‘मला सगळें आठवतें’ हा अभिमान सोडून जमिनीवरच्या पहिल्या धड्यापासून उजळणी मागावी.

अनध्यायाच्या काळांत हात रिकामे ठेवण्याचें कारण नाहीं. राखीव छत्री उघडण्याचा क्रम रोज दहा वेळां तोंडानें म्हणून हातानें करावा. त्यास दमडी लागत नाहीं. पाय जुळवून, गुडघे किंचित् वांकवून जमिनीवर लोळण घेत उतरण्याचा सराव अंगणांतहि होतो. व्यायाम राखावा, नोंदवही वाचावी, आणि परत गेल्यावर छत्रीची घडी घालण्यास शिकावें, म्हणजे पुढें तेवढी मजुरीहि वांचते. स्वतःचें साहित्य विकत घेण्याची घाई मात्र करूं नये. विद्यार्थ्यास साजणारी मोठी छत्री पुढें त्याच्या उपयोगी पडेलच असें नाहीं.

काटकसर कोठें करूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. स्वस्त म्हणून अपरिचित ठिकाणीं जाणें, आपोआप उघडणाऱ्या यंत्रावांचून उडणें, उजळणी चुकविणें, आणि व्याजी पैसे काढून शिकणें, ह्या चार गोष्टी सर्वथा वर्ज्य. पुष्कळ विमापत्रांतून असले साहसी खेळ वगळलेले असतात, तेव्हां आपलें पत्र काढून एकदां नीट वाचावें. ज्या घरीं मुलगा किंवा मुलगी अद्यापि विद्यार्थिदशेंत आहे, त्यांनीं राष्ट्रीय छात्रसेनेचा मार्ग ध्यानांत घ्यावा. तींतील निवडक छात्रांस आग्रा येथील लष्करी शाळेंत हवाईछत्रीचें शिक्षण दिलें जातें आणि खर्चाचा भार सरकार उचलतें. ह्याच शाळेंत क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी ह्यांनीं २०१५ सालीं मानद लेफ्टनंट कर्नल ह्या नात्यानें पांच उड्या पुऱ्या केल्या. निवड कठीण आहे. पण कठीण निवड ही रिकाम्या थैलीपेक्षां चांगली परीक्षा होय.

शेवटीं एक शब्द घरांतील वडील मंडळींसाठीं. असल्या प्रसंगीं आपल्या तोंडून सहज निघून जातें, ‘एवढे पैसे ओतलेस ना, मग आतां पुरें करूनच ये!’ धान्य भरडावयास दिलें असतां हें बोलणें शोभतें, येथें नाहीं. विमानाच्या दारांत उभ्या असलेल्या मुलाचें मन कचरलें, आणि केवळ पैसे वायां जातील, घरचे काय म्हणतील, म्हणून त्यानें पाऊल टाकलें, तर त्याच्याइतका धोक्यांत दुसरा कोणी नाहीं. गेलेले पैसे गेले. पुढील उडीशीं त्यांचा संबंध नाहीं. विमानांतून न उडतां विमानांतच परत उतरण्याची मोकळीक चांगल्या शिक्षणालयांत प्रत्येक विद्यार्थ्यास असते; तीच मोकळीक घरानेंहि दिली पाहिजे. आजोबांनीं, काकांनीं, आईनें एवढेंच म्हणावें, ‘बाळ, मन होईल तर उडी घे, न होईल तर घरीं ये, हिशेब आपण मागून पाहूं.’ आणि मुलांनींहि आपली पैशाची अडचण घरापासून चोरून ठेवूं नये. एकत्र कुटुंबाची थैली सर्वांसाठीं असते. तींतून काय निघेल आणि काय निघणार नाहीं, हें उघड बोललें गेलें म्हणजे नकाराचाहि सल राहत नाहीं.

आकाश कोठें पळून जात नाहीं. पुढच्या वर्षीं पावसाळा सरून आभाळ निवळल्यावर तें आजच्याइतकेंच उंच असेल. तोंवर विद्यार्थ्यानें थैली भरावी, हाताची सवय राखावी, आणि अनध्याय संपला म्हणजे उपाकर्म करून नव्या उत्साहानें पाठास बसावें, हेंच आमचें सांगणें आहे.